बदललेला फुटबॉल आणि त्याचा प्रेक्षक



फुटबॉलचा जुना शौकीन भेटला, की एक तक्रार हमखास ऐकावी लागते : पूर्वीचा खेळ आता राहिला नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये पायऱ्यांवर बसून तालमींच्या संघांचे सामने पाहत मी वाढलो. ही तक्रार माझ्याही तोंडी अनेकदा आली आहे. परंतु नेमके बदलले काय, याची आधी फोड केली पाहिजे. त्यासाठी इंग्लंडचे उदाहरण घेऊ. कारण या खेळाचे नियम १८६३ साली तेथेच बांधले गेले, आणि बदलही तेथे अधिक ठळक दिसतो.

प्रथम मैदानावरचा खेळ पाहू. येथे ‘जुने ते सोने’ हा न्याय लागू पडत नाही. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालच्या खेळाडूंनी लाथा घालून पेलेला जायबंदी केले. बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणून तो बिचारा लंगडतच मैदानात राहिला. बदली खेळाडू आणि पिवळी-लाल कार्डे विश्वचषकात आली ती १९७० साली. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले. आघाडी मिळाली, की चेंडू मागे गोलरक्षकाकडे द्यायचा. त्याने तो हातात धरून वेळ काढायचा. आणि पुन्हा तेच! १९९२ साली नियम झाला, की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाती धरू नये. नियम एका ओळीचा. परंतु त्यामुळे गोलरक्षकालाही पायांनी खेळणे शिकावे लागले. आजचा वेगवान खेळ हे बऱ्याच अंशी त्याचेच फळ आहे.

खेळाडूचेही भलेच झाले. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये त्याला आठवड्याला २० पौंडांहून अधिक वेतन देता येत नसे. करार संपल्यावरही संघ त्याला अडवून धरी, किंवा नव्या संघाकडून त्याची किंमत वसूल करी. युरोपीय न्यायालयाने १९९५ च्या बॉस्मन निकालाने या प्रथेला मोठा तडाखा दिला.

मग बिघडले कोठे? बिघडले ते प्रेक्षकाच्या बाबतीत. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात, पोलिसांच्या ढिसाळ नियंत्रणामुळे उभ्या प्रेक्षकांची चेंगराचेंगरी झाली आणि अखेर ९७ जणांचा बळी गेला. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० साली दोन गोष्टी सांगितल्या : मोठ्या मैदानांत सर्वांना बसण्याची जागा असावी, आणि स्वस्तातली जागा उभे राहणाऱ्याच्या खिशाला परवडावी. पहिली शिफारस अंमलात आली. दुसरी कागदावरच राहिली. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, आणि तिकिटांचे दर महागाईच्याही पुढे धावले. बापाचा हात धरून ज्या पायरीवर तो कामगार उभा राहिला होता, तेथे आपल्या मुलाला नेणे त्याला जड जाऊ लागले.

त्यात २०१९ पासून त्या लीगमध्ये गोलची तपासणी पडद्यावर होऊ लागली. न्याय वाढला हे खरे. पण गोल होताच उडी मारावी की थांबावे, या संभ्रमात प्रेक्षक पडला.

“पैसा आला की हे व्हायचेच,” असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. जर्मनीत काही अपवाद सोडता क्लबमधील बहुमत सभासदांच्या हाती राहावे असा नियम आहे, आणि डॉर्टमुंडच्या मैदानात एकाच बाजूला सुमारे २४,००० लोक आजही उभ्याने सामना पाहतात. म्हणजे दोष पैशाचा नाही, कारभाराचा आहे.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा धनाढ्य क्लबांनी स्वतःची वेगळी लीग जाहीर केली. इंग्लंडचे प्रेक्षक आपापल्या क्लबाविरुद्ध रस्त्यावर आले, आणि दोन-तीन दिवसांत तेथील सहाही क्लबांनी माघार घेतली. यातला बोध सरळ आहे. खेळ बदलतो आणि तो बदलावा. त्याबद्दल उसासे टाकण्याचे कारण नाही. जपायची आहे ती पायरीवरची जागा. ती गेली, तर खेळ कितीही देखणा झाला, तरी तो आपला राहणार नाही.