गाळणीचा वारसा : नवजात अर्भकांचा एक आनुवंशिक मूत्रपिंडविकार

चहाच्या गाळणीला भोक पडले की चोथा कपात उतरतो, हे समजायला शास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या शरीरातही पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अशाच गाळण्यांच्या दोन पेट्या आहेत. त्यांना आपण मूत्रपिंडे म्हणतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रौढ माणसाच्या रक्तातून त्या दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग रक्तात परत शोषला जातो आणि मूत्र म्हणून जेमतेम दीड लिटर बाहेर पडते. गाळणीतून पाणी, क्षार, युरिया खुशाल जावेत. रक्तातील प्रथिने मात्र जाता कामा नयेत, असा निसर्गाचा दंडक आहे.

काही अर्भकांच्या बाबतीत हा दंडक आईच्या उदरातच मोडलेला असतो. या विकाराचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो फिनलंड या देशात. म्हणून त्याला ‘फिनिश प्रकारचा जन्मजात नेफ्रोटिक विकार’ असे नाव पडले. फिनलंडमध्ये साधारणपणे ८ ते १० हजार जन्मांमागे एका बालकाला तो होतो. बालरोगतज्ज्ञ नीलो हालमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

असे मूल बहुधा दिवस पूर्ण भरण्यापूर्वीच जन्मते. त्याची वार विलक्षण मोठी, म्हणजे मुलाच्या वजनाच्या चतुर्थांशाहूनही जड असते. थोड्याच दिवसांत अंगावर सूज चढते, पोट फुगते. लघवीवाटे अल्ब्युमिन हे प्रथिन वाहून जाते आणि रक्तातले पाणी धरून ठेवणारे कोणी उरत नाही. त्याबरोबरच रोगांशी झुंजणारी प्रथिने जातात, म्हणून जंतुसंसर्ग वारंवार होतो. रक्त गोठू न देणारी प्रथिने जातात, म्हणून शिरांत गुठळ्या होतात. गंमत अशी, की टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे मूत्रपिंडाचे काम आरंभी ठीक चालू असते. पूर्वी अशी बालके बहुधा दोन वर्षांची होण्याआधीच दगावत.

गाळणीत बिघडते काय?

या गाळणीचे तीन थर असतात. आत रक्तवाहिनीचे सच्छिद्र अस्तर, मध्ये एक पातळ पटल आणि बाहेर ‘पोडोसाइट’ नावाच्या पेशी. या पेशींना पायांसारखे असंख्य फाटे असतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत, तसे शेजारच्या पेशींचे फाटे परस्परांत गुंतलेले असतात. त्यांमधली फट मिलिमीटरच्या सुमारे २५ हजाराव्या भागाइतकी अरुंद असते, आणि या फटीवर एक नाजूक पडदा ताणलेला असतो.

हा पडदा कशाचा विणलेला आहे, हे दीर्घकाळ कोणालाच ठाऊक नव्हते. कोडे सुटले ते या आजारी मुलांमुळे. १९९४ साली या रोगाचे जनुक १९ व्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९८ साली कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने ते नेमके हुडकून काढले. त्या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाला ‘नेफ्रिन’ हे नाव मिळाले. १२४१ अमिनो आम्लांची ही साखळी. शेजारच्या दोन फाट्यांतून निघालेले नेफ्रिनचे रेणू मध्यावर एकमेकांना असे धरतात, जणू दप्तराच्या चेनचे दात. नेफ्रिन नसेल तर चेन लागतच नाही. दोष एका प्रथिनाचा, आणि उघडी पडते सारी गाळणी.

जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची असते. ‘मदन गवत उचल परत’ हे वाक्य घ्या. त्यातली ‘ग’ आणि ‘व’ ही दोनच अक्षरे गाळा आणि पुन्हा तीन-तीनचे गट पाडा : ‘मदन तउच लपर त’. पुढचा सगळा अर्थच नाहीसा झाला! फिनिश रुग्णांत सर्वाधिक आढळणारा दोष नेमका असाच आहे. जनुकाच्या आरंभीच दोन अक्षरे गळाली आहेत. दुसऱ्या दोषात शेवटाजवळ अकाली पूर्णविराम पडला आहे. तेथील रुग्णांच्या सदोष जनुकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक या दोनच चुकांची आहेत.

एकच चूक इतक्या घरांत कशी?

याचे उत्तर इतिहासात आहे. सोळाव्या शतकात फिनलंडच्या आग्नेय भागातून थोडी थोडी कुटुंबे उत्तरेकडच्या व पूर्वेकडच्या जंगलात जाऊन वसली. गावे लहान, अंतरे लांब. सोयरिका आसपासच होत. मूळच्या एखाद्या वसाहतकाऱ्याजवळ असलेली जनुकातील चूक वंशजांबरोबर वाढत गेली. रेइयो नोरिओ या संशोधकाने चर्चच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळून ५७ कुटुंबांच्या वंशावळी जुळविल्या आणि हा रोग अप्रभावी रीतीने संक्रमित होतो, हे १९६६ साली दाखवून दिले. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या मेनोनाइट पंथीयांतही हेच जनुक, पण वेगळ्या चुकीसह, पसरलेले आढळते. मूठभर पूर्वजांपासून वाढलेला समाज, हेच त्याचेही कारण.

‘अप्रभावी’ याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावून नेते. असा मनुष्य ठणठणीत असतो. तो केवळ ‘वाहक’. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्य आजारी असण्याचा संभव चारात एक. फिनलंडपुरता हिशेब साधा आहे. पन्नासात एक वाहक धरला, तर १/५० गुणिले १/५० गुणिले १/४, म्हणजे दहा हजारांत एक!

येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत. ‘चारात एक’ म्हणजे एक आजारी झाले की पुढची तीन सुखरूप, असे नव्हे. प्रत्येक गरोदरपणी नाणी नव्याने उडविली जातात. दुसरे असे, की दोष आईकडून जितका येतो तितकाच वडिलांकडून येतो. सुनेचा पायगुण, ग्रहणात चिरलेली भाजी, डोहाळ्यांत खाल्लेला पदार्थ यांचा या रोगाशी काडीचाही संबंध नाही. मूल गमावलेल्या आईच्या माथी वर हा ठपका मारणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक घरांत आहे, आणि कर्नाटकात मामा-भाचीचे विवाहही होत आले आहेत. समजा, एखाद्या दुर्मिळ दोषाचा वाहक शंभरात एक आहे. परक्या जोडप्याला आजारी मूल होण्याचा संभव ४० हजारांत एक. वाहकाचे मामे-आते भावंड मात्र वाहक असण्याचा संभव आठात एक. म्हणून अशा जोडप्यात तो ३२०० त एक होतो, आणि मामा-भाचीत १६०० त एक. आकडा तरीही लहानच आहे, पण घराण्यात पूर्वी अशी बालके दगावली असतील तर तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. उलट, आजारी मूल झाले म्हणजे आईबाप नात्यातलेच असले पाहिजेत, असेही नाही.

उपाय काय?

स्टेरॉइड औषधांचा येथे उपयोग नाही. शिरेतून अल्ब्युमिन द्यायचे, पोषण सांभाळायचे, पुढे दोन्ही मूत्रपिंडे काढून डायलिसिसवर ठेवायचे आणि वजन सुमारे १० किलो झाले की मूत्रपिंडाचे रोपण करायचे, हा मार्ग फिनलंडमध्ये १९८० च्या दशकात रुळला. आज तेथे बहुतेक मुले जगतात व शाळेत जातात. पण ज्या शरीराने नेफ्रिन कधी पाहिलेच नाही, ते काहीवेळा नव्या मूत्रपिंडातील नेफ्रिनलाच शत्रू मानून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि प्रथिने पुन्हा वाहू लागतात.

प्रत्येक सुजलेले अर्भक याच रोगाचे असते, असेही नाही. पोडोसिनसारख्या अन्य प्रथिनांची जनुकेही बिघडतात. शिवाय आईच्या उपदंशामुळे अशीच लक्षणे दिसू शकतात आणि ती पेनिसिलीनने बरी होतात. म्हणून निदान नीट व्हावे लागते.

गर्भजलातील अल्फा-फीटोप्रोटीन मोजून हा विकार जन्माआधी ओळखता येतो. परंतु जनुक सापडल्यावर कळले, की निरोगी वाहक गर्भातही हे प्रथिन काही काळ वाढलेले असू शकते. केवळ त्या आकड्यावर निर्णय घेणे किती धोक्याचे, हे यावरून उमगते. खात्री जनुकतपासणीनेच होते.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी एक कोडे. आजारी भावंड असलेला, पण स्वतः निरोगी असलेला मुलगा वाहक असण्याचा संभव किती? पुष्कळ जण ‘निम्मा’ म्हणतील. उत्तर आहे तीनात दोन. कारण चार शक्यतांपैकी आजारपणाची एक त्याच्यापुरती आधीच बाद झालेली असते. कोष्टक मांडून पाहावे. एखाद्या कुटुंबाला लग्नापूर्वी योग्य सल्ला मिळतो, तो याच हिशेबावर.