वाट पाहणारा थ्रेड आणि तापणारा प्रोसेसर

पडद्यावरचे चित्र जीपीयू रंगवतो, पण त्याला काम नेमून देणारा ग्राफिक्स ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवरच चालतो. 60 हर्ट्‌झच्या पडद्यावर दर 16.7 मिलिसेकंदांनी नवे चित्र येते. ड्रायव्हरच्या थ्रेडचे काम बहुधा त्याआधीच उरकते आणि उरलेला वेळ तो पुढच्या चित्राची वाट पाहतो. प्रोसेसर अडवला जातो तो बरेचदा या रिकाम्या वेळात.

सर्वांत घाईची पद्धत म्हणजे ‘झाले का?’ असे सतत विचारत राहणे. त्यात उत्तर क्षणात कळते, पण एक अख्खा कोअर गुंतून पडतो, पंखा घरघरतो, बॅटरी उतरते. तरीही ड्रायव्हर लिहिणारे या पद्धतीकडे वळतात, कारण झोपलेल्या थ्रेडला जाग यायला जरा जरी उशीर झाला, तरी चित्राची वेळ हुकते आणि हालचाल अडखळते.

लिनक्सवरील एनव्हिडियाचा ड्रायव्हर अशा वेळी मूळ सेटिंगनुसार ‘शेड यील्ड’ ही हाक देतो, म्हणजे आपली पाळी सोडतो. रांगेत ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणणाऱ्या माणसासारखेच हे. मागे कोणी नसेल तर खिडकीशी पुन्हा तोच. म्हणून ‘टॉप’ आज्ञेच्या यादीत काहीही न करणारा प्रोग्राम 100 टक्क्यांवर दिसतो. शिवाय पाळी सोडणे म्हणजे नेमके काय, हे थ्रेडांच्या पाळ्या लावणारा कर्नलचा शेड्युलर ठरवतो. 2007 मध्ये कर्नलच्या 2.6.23 आवृत्तीत नवा शेड्युलर आला, तेव्हा या हाकेचे वागणेही बदलले. सर्वसाधारण प्रोग्रामांनी तिच्यावर विसंबू नये, असे लिनक्सची माहितीपुस्तिकाच बजावते.

याच ड्रायव्हरसाठी ‘जीएल यील्ड’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. त्याला ‘यूस्लीप’ ही किंमत दिली की थ्रेड पाळी सोडण्याऐवजी शून्य मायक्रोसेकंदांची झोप मागतो. शून्य हे नावालाच! साध्या थ्रेडला उठवताना कर्नल 50 मायक्रोसेकंदांपर्यंत सवलत घेऊ शकतो. 16.7 मिलिसेकंदांपुढे ती नगण्य, पण तेवढ्याने कोअर मोकळा होतो. केडीई डेस्कटॉप वापरणाऱ्यांत हा उपाय चांगलाच परिचित आहे. ‘नथिंग’ ही किंमत मात्र उलट्या दिशेची: थ्रेड पाळी सोडतच नाही.

खरा उपाय इंटरप्टचा. थ्रेडने निवांत झोपावे आणि काम संपल्यावर जीपीयूनेच उठवावे. एनव्हिडियाच्याच कुडा या जीपीयू-प्रोग्रामिंगच्या मंचामध्ये सतत विचारणे, पाळी सोडणे आणि इंटरप्टपर्यंत थांबणे असे तिन्ही पर्याय प्रोग्रामरला निवडता येतात.

थ्रेड झोपवण्याऐवजी त्याचा अग्रक्रम उतरवला तर बाकीच्या प्रोग्रामांना वाट मिळते, कोअर मात्र तापलेलाच राहतो. रिअल-टाइम अग्रक्रम देणे त्याहून धोक्याचे, कारण मग साधे थ्रेड ताटकळतात. संगणक पुरता गोठू नये म्हणून लिनक्सने 2024 पर्यंत वर्षानुवर्षे रिअल-टाइम थ्रेडांना मूळ सेटिंगनुसार दर सेकंदाला 0.95 सेकंदाची मर्यादा घातली होती.