सशाची लघवी आणि आपलं मुतखड्याचं ज्ञान

न्यू जर्सीतल्या आयसेलिनमध्ये ओक ट्री रोडच्या आजूबाजूला राहणाऱ्या मराठी घरांत ससा येतो तो बहुधा मुलांच्या हट्टापायी. आईबाबा कामावर, मुलं शाळेत. मग दिवसभर त्याच्याकडे बघायचं काम भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांकडे येतं. ती मायेनंच बघतात. पण सशाच्या लघवीत पांढरं काही दिसलं, की मुतखड्यावरचं घरातलं सगळं ज्ञान कामाला लागतं आणि तिथेच घोटाळा होतो.

पहिली गोष्ट, पांढुरकी आणि थोडी गढूळ लघवी हा सशाच्या बाबतीत आजार नव्हे. माणसाचं आतडं साधारणपणे शरीराला लागेल तेवढंच कॅल्शियम शोषतं, आणि त्यावर ड जीवनसत्त्वाचं नियंत्रण असतं. ससा खाण्यात आलेलं बरंचसं कॅल्शियम आधी रक्तात घेतो आणि नको असलेलं मूत्रपिंडातून बाहेर टाकतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत लघवीवाटे जाणारा कॅल्शियमचा वाटा २ टक्क्यांहून कमी असतो. सशात तो ४५ ते ६० टक्के सांगितला जातो. त्यामुळे लघवी वाळल्यावर फरशीवर पांढरी पूड उरली, तर घाबरू नये. काळजी करायची ती लघवी टूथपेस्टसारखी घट्ट येऊ लागली, ससा वाकून जोर करू लागला, वारंवार थोडी थोडी करू लागला किंवा मागचा भाग सतत ओला राहू लागला, तर. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे गाळ मूत्राशयाच्या तळाशी तसाच बसून राहतो आणि वरची लघवी स्वच्छ येते. म्हणून दोन दिवस लघवी निवळ दिसली, की आजार गेला असं धरून चालू नये.

लाल लघवी पाहून तर घर हादरतं. पण सशाची लघवी पिवळी, केशरी, तांबडी किंवा तपकिरीही असू शकते. खाण्यातल्या आणि शरीरातल्या रंगद्रव्यांमुळे हे होतं. ते रक्त आहे की रंग, हे डॉक्टर साध्या तपासणीपट्टीवर ठरवू शकतात. डोळ्यांनी ठरवता येत नाही. नसबंदी न झालेल्या वयस्क मादीत मात्र लाल लघवीकडे अजिबात दुर्लक्ष करू नये. तिच्यात गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो आणि त्याचं रक्त लघवीतून आल्यासारखं दिसतं.

आता घरगुती उपायांकडे. कुळथाचं कढण, पानफुटीचं पान, लिंबूपाणी, अमेरिकेत आल्यावर त्यात भर पडलेला क्रॅनबेरीचा रस. माणसाचे खडे बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, सशाचे प्रामुख्यानं कॅल्शियम कार्बोनेटचे. सशाची लघवी मुळातच अल्कधर्मी असते. आंबट काही पाजून ती बदलत नाही, आणि तयार झालेला खडा कुठल्याही औषधानं किंवा आहारानं विरघळत नाही. गाळ असेल तर डॉक्टर भूल देऊन मूत्राशय धुतात. मोठा खडा असेल तर शस्त्रक्रियाच लागते. कुळीथ हे कडधान्य, आणि कडधान्याचा स्टार्च सशाच्या आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडवतो. पानफुटी त्याहून वाईट. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. याच कुळातल्या वनस्पती खाऊन ऑस्ट्रेलियात गुरं दगावली आहेत. कुंडीतली पानफुटी सशाच्या तोंडापासून दूरच ठेवा.

भारतातून आणलेल्या औषधांच्या डब्याबद्दल मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ‘जंतुसंसर्ग असेल, थोडं अमॉक्सिसिलिन देऊ’ हा विचार सशाचा जीव घेऊ शकतो. पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली, की सशाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष शरीरात भिनतं. माणसासाठी आणलेली गोळी अर्धी करून, चतकोर करूनही देऊ नका.

‘कॅल्शियम वाईट, म्हणून पालेभाजी बंद’ हाही गैरसमजच. ताज्या पाल्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तो बंद केला तर ससा कमी पाणी घेतो आणि गाळ आणखी घट्ट होतो. बदल करायचा तो निवडीत. प्रौढ सशाला लसूणघास, म्हणजे इथल्या दुकानातलं अल्फाल्फा, रोज देऊ नये. त्यात टिमथी गवताच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. पेलेट्स मोजून, थोड्याच. शेवग्याचा पाला आणि राजगिरा कॅल्शियमनं भरलेले, म्हणून ते टाळा. कोथिंबीर, लेट्युस वगैरे धुऊन, पाणी न झटकता द्या. मुख्य अन्न मात्र टिमथीसारखं सुकं गवत, आणि ते चोवीस तास समोर हवं. कॅल्शियम अगदीच तोडूही नये. सशाचे दात जन्मभर वाढतात, त्यांना ते लागतं.

पाण्याचं म्हणाल, तर पिंजऱ्याला टांगलेल्या बाटलीपेक्षा जड, उघडं भांडं चांगलं. बाटलीच्या नळीतून थेंब थेंब चाटत बसण्यापेक्षा ससे भांड्यातून सहज आणि जास्त पितात.

लहान अपार्टमेंटमध्ये दिवसभर पिंजऱ्यात बसलेला, वजन वाढलेला ससा मूत्राशय नीट रिकामं करत नाही. त्याला रोज काही तास मोकळं सोडायला हवं. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या सशाला लिटर बॉक्सची उंच कड ओलांडणं जमत नाही. मग तो लघवी धरून ठेवतो किंवा बाहेर करतो, आणि घरचे त्याला रागावतात. एका बाजूनं कड कापलेला बॉक्स आणि न घसरणारी सतरंजी एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

लघवीनं मागचा भाग ओला झालेल्या सशाला टबात आंघोळ घालू नका. त्याला धक्का बसू शकतो, अंग गार पडतं. ओला भाग कोमट पाण्यात पिळलेल्या कापडानं टिपून पूर्ण कोरडा करायचा. चिकटलेले केस ओढायचे नाहीत, कारण कातडी फार नाजूक असते. न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यात अशा ओल्या जागी माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. म्हणून तिथे सकाळ-संध्याकाळ बघायला हवं. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न घरी कधीच करू नये. मूत्राशय फाटू शकतं.

मागचा भाग ओला राहण्याचं कारण दर वेळी मूत्राशयातच असतं असंही नाही. मणक्याचं दुखणं, मज्जासंस्थेवर आणि मूत्रपिंडावर हल्ला करणारा एक परजीवी, अशीही कारणं असतात. म्हणून एक्स-रे काढावाच. कॅल्शियमचा खडा त्यात स्पष्ट दिसतो.

कुत्र्या-मांजरांचे अनेक दवाखाने ससा तपासत नाहीत. आजार होण्याआधीच ‘एक्झॉटिक’ प्राणी पाहणारा डॉक्टर शोधून ठेवा. १९८८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या हाउस रॅबिट सोसायटीकडे अशा डॉक्टरांची यादी मिळते. जोर करूनही लघवी होत नसेल, ससा दात करकरत कुबड काढून बसला असेल किंवा दहा-बारा तास काही खाल्लं नसेल, तर रात्र असली तरी निघा. निघताना त्याला उपाशी ठेवू नका. सशाला उलटी होत नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतडं थांबतं. सोबत लघवीचा फोटो आणि रोजच्या खाण्याची यादी घ्या, आणि घरात काही काढा किंवा गोळी दिली गेली असेल, तर ती कोणी, किती आणि कधी दिली हे डॉक्टरांना न संकोचता सांगा.