डाग फिल्मवर की स्कॅनरवर?

घरातल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करताना चित्रावर ठिपके, रेघा किंवा रंगीत कडी उमटतात आणि फिल्म खराब झाली असे वाटते. पुसापुशी करण्याआधी दोष कुठे आहे ते पाहावे. निगेटिव्ह अर्धा फेरा फिरवून पुन्हा स्कॅन करावी. चेहऱ्यावरचा डाग चेहऱ्यावरच राहिला, तर तो फिल्मवर आहे; चित्रात दुसरीकडे सरकला, तर स्कॅनरच्या काचेवर किंवा सेन्सरवर.

इंद्रधनुषी कडी मात्र धुळीची नसतात. फिल्म काचेला टेकली, की मधल्या हवेच्या अतिपातळ थरात प्रकाशलहरींचे व्यतिकरण होते. ही ‘न्यूटनची कडी’. फिल्म होल्डरमध्ये सपाट बसवून काचेपासून किंचित वर ठेवली, की ती जातात.

धूळ ओळखणारी इन्फ्रारेड सुविधा रंगीत फिल्मसाठी असते. तिच्या रंगद्रव्यांतून अवरक्त किरण आरपार जातात, धूळ त्यांना अडवते. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधली चांदीही ते अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजते. तिथे ही सुविधा बंद ठेवावी.

बुरशी दिसली तर निगेटिव्ह पाण्याने धुऊ नये. बुरशीने पोखरलेले जिलेटिन विरघळून चित्रच जाऊ शकते. डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर अ‍ॅसिटेट फिल्मचे विघटन सुरू झाले आहे. थंड, कोरड्या जागी ते मंदावते, थांबत नाही. अशा निगेटिव्ह वेगळ्या काढून सर्वांत आधी स्कॅन कराव्यात.