शिवणयंत्र सुखकर, कमाई सुकर

अंबाजोगाई - घरोघरी शिवणकाम करणाऱ्या महिलांना मान व पाठदुखीमुळे अनेकदा हातचे काम सोडावे लागते. बैठक सुधारल्यास हा त्रास कमी होऊ शकतो. यंत्राचे टेबल कोपराच्या पातळीत असावे व पाठीला टेकू मिळावा. टेबल बुटके असल्यास मान वाकते, उंच असल्यास खांदे आखडतात. चामडी पट्टा सैल पडल्यास चाकावरून घसरतो आणि पायांचे श्रम वाढतात; तो किंचित कापून पुन्हा जोडावा. धाग्यांचा कचरा काढून नियमित तेल द्यावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेत शिंपीकामाचा समावेश असून, पात्र कारागिरांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साह्य मिळते. अर्जाची प्राथमिक पडताळणी शहरात नगर परिषद, तर खेड्यांत ग्रामपंचायत करते.