सेप्सिस : वेळीच ओळखा, जीव वाचवा

पायात काटा मोडतो, जखम चिघळते. हळद दाबून माणूस पुन्हा कामाला लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप येतो, तो असंबद्ध बोलू लागतो. घरची मंडळी म्हणतात, "ताप डोक्यात गेला, सकाळपर्यंत पाहू." पुष्कळदा हीच रात्र त्याच्या जिवावर बेतते.

या विकारास 'सेप्सिस' म्हणतात. जंतूंचा प्रतिकार करणे हा शरीराचा धर्मच होय. परंतु कधी कधी हा प्रतिकार ताळतंत्र सोडतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू अशा आपल्याच अवयवांना इजा करतो. त्याचे मूळ जखमेत, न्यूमोनियात, मूत्रमार्गात किंवा बाळंतपणानंतरच्या जंतुदोषात असू शकते. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लक्ष लोकांना हा विकार झाला व १ कोटी १० लक्ष मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे.

जंतुदोष झालेल्या प्रौढ व्यक्तीचा श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक वेळा चालू लागला, तिला भ्रम किंवा गुंगी आली, रक्तदाबाचा वरचा आकडा १०० वा त्याखाली उतरला, तर धोका ओळखावा. लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे हीही धोक्याचीच चिन्हे होत. वृद्धांना व तान्ह्या बाळांना ताप न येता अंग गारही पडू शकते. बाळ दूध ओढीनासे होते.

रुग्णालयात रक्ताचा नमुना तपासणीसाठी घेऊन शिरेवाटे प्रतिजैविक औषध व सलाईन देतात. पू साचला असल्यास तो काढतात. रक्तदाब ढासळला असेल, तर प्रतिजैविक शक्यतो एका तासाच्या आत सुरू व्हावे, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. नमुन्यासाठी औषध लांबणीवर पडू नये.

मात्र प्रत्येक ताप म्हणजे सेप्सिस नव्हे. घरात उरलेल्या कॅप्सूल मनाने घेऊ नयेत. त्यामुळे रोग झाकला जातो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

अशी चिन्हे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखम केव्हा झाली, लघवी केव्हा झाली, कोणती औषधे घेतली, हे डॉक्टरांना सांगावे आणि "हा सेप्सिस तर नव्हे ना?" असे निःसंकोच विचारावे. शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी ही माहिती घरोघर पोहोचवावी. सकाळची वाट पाहू नये, एवढे जरी सर्वांच्या मनावर ठसले, तरी कित्येक जीव वाचतील.