नर्सिंग कॉलेजचं ध्येय कसं वाचायचं?



बारावीचा निकाल लागला की आपल्या म्हसवडमध्ये, एकूणच माण तालुक्यात, एक प्रश्न हमखास कानावर येतो : "पोरीला नर्सिंगला घालू का?" आपला भाग दुष्काळी, शेतीचा भरवसा नाही. लवकर नोकरी देणारं शिक्षण म्हणून पालक नर्सिंगकडे बघतात, त्यात चूक काहीच नाही. पण कॉलेजचं माहितीपत्रक हातात आलं की आपण थेट फीचं पान उघडतो. 'आमचे ध्येय', 'आमची मूल्ये' हे पान तसंच राहतं. आज त्या पानाबद्दल बोलू.

नर्सिंग विद्यापीठात कसं आलं?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची परिचारिका शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1860 साली सुरू झाली. आपल्याकडे पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना या शिक्षणाकडे वळवलं. त्या काळात परक्या माणसाची शुश्रूषा करणं हे घरंदाज बाईचं काम नाही, असं समाज मानत होता. त्यामुळे ही गोष्ट सोपी नव्हती.

मात्र बराच काळ हे शिक्षण रुग्णालयापुरतंच होतं. मुली शिकता शिकता वॉर्ड सांभाळायच्या. साहजिकच रुग्णालयाची गरज आधी आणि मुलीचा अभ्यास नंतर, असं व्हायचं. 1946 साली दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली आणि हे चित्र बदलू लागलं.

महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण म्हणजे महर्षी कर्वे यांनी 1916 साली स्थापन केलेलं महिला विद्यापीठ, आजचं एस.एन.डी.टी. या विद्यापीठाने 1964 साली मुंबईत लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज सुरू केलं. विद्यापीठाचं बोधवाक्य आहे 'संस्कृता स्त्री पराशक्तिः', म्हणजे सुशिक्षित, सुसंस्कृत स्त्री ही मोठी शक्ती आहे. या वाक्याखाली नर्सिंग आलं की त्याचा अर्थ बदलतो. नर्स ही केवळ डॉक्टरांच्या हाताखालची मदतनीस राहत नाही. ती स्वतःच्या विषयाचं ज्ञान असलेली आणि त्या ज्ञानावर निर्णय घेणारी व्यक्ती ठरते.

'कसं' आणि 'का'

एक साधं उदाहरण घ्या. अर्धांगवायू झालेले आजोबा अंथरुणाला खिळले आहेत. त्यांना साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. हे 'कसं' करायचं ते कुणीही चार दिवसांत शिकेल. पण 'का'? एकाच जागी दाब राहिला की हाडाजवळच्या त्वचेला रक्त पोचत नाही, कातडी लाल होते आणि पुढे जखम पडते. हे कळलेली नर्स फक्त घड्याळ बघून थांबत नाही. ती कंबर, टाचा, कोपर तपासते, चादरीची सुरकुती काढते, आजोबांच्या पोटात काय जातंय ते विचारते.

विद्यापीठाच्या चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगमध्ये शरीररचना, पोषण, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संशोधन असे विषय असतात ते याचसाठी. "एवढं कशाला शिकायचं?" असं मुलीने विचारलं तर हे उदाहरण जरूर सांगा.

मूल्ये वॉर्डात कशी दिसतात?

माहितीपत्रकातले शब्द मोठे असतात, पण प्रत्यक्षात ती रोजची छोटी कामं असतात.

*प्रामाणिकपणा* – रात्री तीन वाजता ताप मोजायचा राहिला, तर तक्त्यावर अंदाजाने आकडा लिहायचा नाही. 'मोजला नाही' असंच लिहायचं. सकाळी डॉक्टर त्या आकड्यावरून औषध ठरवणार असतात.

*सन्मान* – अंग पुसताना आधी पडदा ओढायचा आणि रुग्णाला सांगून मगच हात लावायचा. बेशुद्ध रुग्णालाही हाच नियम.

*गोपनीयता* – आपल्यासारख्या गावात हे फार महत्त्वाचं. कुणाला कोणता आजार आहे, ही गोष्ट वॉर्डातून बाजारपेठेत जाता कामा नये.

*समानता* – जात, धर्म, पैसा न बघता ज्याला जास्त गरज त्याच्याकडे आधी जायचं.

ही मूल्ये भाषणातून येत नाहीत. ज्या कॉलेजात शिक्षिका स्वतः वॉर्डात उभ्या राहतात आणि चूक सांगणाऱ्या मुलीला झापण्याऐवजी समजावतात, तिथे ती मुरतात. चूक सांगायची भीती बसली की चुका लपतात, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

मग निवड कशी करायची?

आपल्या जवळच कराड आणि सांगलीत विद्यापीठाची नर्सिंग कॉलेजं आहेत. अनेक कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. कुठेही गेलात तरी एवढे प्रश्न विचारा :

1. भारतीय परिचर्या परिषद आणि विद्यापीठ, दोन्हींची मान्यता चालू आहे का?
2. शिकण्यासाठी कोणतं रुग्णालय आहे? तिथे खरोखर रुग्ण असतात का?
3. वॉर्डात मुलींसोबत शिक्षिका असतात, की मुलींना फक्त मनुष्यबळ म्हणून वापरलं जातं?
4. गावात, घरोघरी जाऊन सार्वजनिक आरोग्याचं काम शिकवतात का?
5. रात्रपाळी, वसतिगृह आणि सुरक्षिततेची सोय काय?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. कॉलेज मुलीसाठी आहे की मुलगी कॉलेजसाठी, ते तिथेच कळतं. शक्य असेल तर शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थिनींनाही हाच प्रश्न विचारा.

शिक्षक मित्रांनो, आपलंही एक काम आहे. "डॉक्टर होता आलं नाही म्हणून नर्स" असं वर्गात कधीच म्हणू नका. हा वेगळा आणि स्वतंत्र विषय आहे. मुलग्यांनाही सांगा, अनेक कॉलेजांत त्यांनाही प्रवेश मिळतो. आणि पालकहो, फीचं पान बघाच, ते बघायलाच हवं. पण त्याआधी ध्येयाचं पान मुलीसोबत बसून वाचा आणि तिला विचारा, "यातलं तुला काय पटतं?" तिच्या उत्तरावरून ती नोकरीसाठीच निघाली आहे की या कामासाठीही, हे तुम्हाला समजेल. दोन्ही असेल तर निर्धास्तपणे पाठवा.